सर, क्रेडिट किती?

जूनमध्ये नवीन वर्ष सुरू झालं की आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये टेबलं लागतात. नाट्यमंडळ, वाङ्मय मंडळ, एनएसएस, एनसीसी, निसर्ग मंडळ. नवी मुलं समोरून फिरत असतात. नाटकवाले ओरडून बोलावतात, एनसीसीवाले छाती काढून बोलावतात आणि वाङ्मय मंडळवाले बोलावतच नाहीत. कुणी आपण होऊन आलंच तर ‘रस्ता चुकलात का?’ अशा नजरेने बघतात. या गर्दीत ऑनर्स करायला आलेला विद्यार्थी मला लांबूनही ओळखू येतो. तो टेबलापुढे थांबतो, फॉर्म पुढून-मागून वाचतो, पेनाचं टोपण काढतो, परत लावतो आणि विचारतो, “सर, क्रेडिट किती?”

एनएसएसच्या टेबलामागे मी असतो. मी शिकवतो संख्याशास्त्र. पण एका स्टाफ मीटिंगला जरा उशिरा पोचलो, आणि दारातून आत येईपर्यंत कार्यक्रम अधिकारी झालो होतो. बहुतेक कॉलेजांत ही नेमणूक याच पद्धतीने होते.

तर क्रेडिट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सोय अशी केली की तीन वर्षांत पदवी घेऊन घरी जा, नाहीतर चौथं वर्ष थांबा आणि ऑनर्स घ्या. चार वर्षांची किमान १६० क्रेडिट. वर्गात बसून १५ तास ऐकलं की एक क्रेडिट मिळतं. प्रात्यक्षिक असेल, म्हणजे स्वतःच्या हाताने काही करायचं असेल, तर त्याच एका क्रेडिटला ३० तास लागतात. म्हणजे करण्यापेक्षा ऐकण्याचा भाव दुप्पट. आपल्याकडच्या शिक्षणावर मोठमोठे अहवाल निघाले, पण त्या सगळ्यांचं सार या एका दरपत्रकात आहे असं माझं मत आहे. शिवाय पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के टिकवले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स. त्यामुळे आमचा ऑनर्सवाला जिना चढतानासुद्धा सरासरी सांभाळून चढतो.

ही क्रेडिट ठेवायला बँकही आहे. २०२१ पासून. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स असं तिचं नाव. प्रवेशाच्या वेळी एका मुलीबरोबर तिचे आजोबा आले होते, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ‘बँक’ हा शब्द ऐकला आणि खुर्ची पुढे ओढली.

“व्याज किती?”

“व्याज नाही हो, आजोबा.”

“मुदत?”

“जास्तीत जास्त सात वर्षं.”

“सात वर्षं बिनव्याजी ठेवायचे, आणि मग?”

“मग ती बाद होतात.”

आजोबांनी नातीकडे पाहिलं. “अगं, त्यापेक्षा तू इंजिनिअरिंगला का नाही गेलीस?”

आता गंमत अशी की या नव्या चौकटीत सांस्कृतिक उपक्रम, खेळ, योग, एनएसएस, एनसीसी यांनाही क्रेडिट आहे. पूर्वी जे वर्ग बुडवून करायचं ते आता वर्ग म्हणून करायचं. कॉलेजात शिरलेल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा चोरून काहीतरी करावं, घरी सांगू नये, हजेरी कमी पडावी आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहावं, ही जी एक परंपरा होती, ती सरकारने अभ्यासक्रमात घेऊन संपवली. आमच्याकडे योगाची लेखी परीक्षा झाली. शवासनावर चार पर्यायांचा प्रश्न होता. एका मुलाने उत्तरपत्रिका रिकामी ठेवली आणि म्हणाला, “सर, मी करून दाखवत होतो.”

अर्थात हुशार मुलांनी हिशेब करून कॉलेजजीवनात शिरणं काही आजचं नाही. पूर्वी दहा मार्क होते. एनएसएस, एनसीसी किंवा खेळात असलेल्याला विद्यापीठ परीक्षेत दहा वाढीव गुण मिळत, आणि त्या दहा गुणांसाठी महाराष्ट्रात जेवढी झाडं लावली गेली तेवढी सामाजिक वनीकरण खात्यानेही लावली नसतील. झाडं जगण्याला गुण नव्हते, हा भाग वेगळा.

आणि त्याच काळात, हिशेब न करताही, हुशार मुलाला कॉलेजजीवनात ढकलण्याचा एक कायदाच होता. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या या निवडणुका बंद केल्या. कारण गंभीरच होतं. उपाय मात्र विनोदी निघाला. आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो गुणांनी वर, तो वर्गाचा प्रतिनिधी. प्रचार नाही, भाषण नाही, मतपेटी नाही. गुणपत्रिका हीच मतपत्रिका. ज्याने दोन वर्षांत कँटीन आतून पाहिलेलं नाही, त्याच्याकडे गॅदरिंगच्या जेवणाचं काम. ज्याला वर्गातली निम्मी मुलं फक्त रोल नंबरने माहीत, तो त्यांचा पुढारी.

मी त्या काळात शिकलो. आमच्या वर्गात पहिला आलेला मुलगा नोटीस बोर्डावर स्वतःचं नाव वाचून घरी गेला तो तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आईला घेऊन आला. आईचं म्हणणं एवढंच होतं की हे पद रद्द करून घ्या, त्याचा अभ्यास बुडेल. प्राचार्य शांतपणे म्हणाले, “वहिनी, एकच मार्ग आहे. पुढच्या परीक्षेत त्याला मार्क कमी पाडायला सांगा.” मायलेक उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्याने कारभार हाती घेतला.

त्या वर्षीचं आमचं गॅदरिंग पत्रिकेत छापलेल्या मिनिटाला सुरू झालं आणि छापलेल्या मिनिटाला संपलं. भावगीताला चार मिनिटं म्हणजे चार. गाणारीचा तिसरा अंतरा चालू असताना पडदा पडला. फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या त्याने आधी तपासून घेतल्या, शुद्धलेखनासाठी. त्यातली एक त्याच्यावरच होती, तीही त्याने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वाचायला दिली: ‘सूर्य उगवतो पूर्वेला, मावळतो पश्चिमेला, हा उगवतो पहिल्या बाकावर, मावळतो लायब्ररीला.’ सगळं सभागृह हसलं आणि तोही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. इतकं शिस्तीचं गॅदरिंग आमच्या कॉलेजात परत झालं नाही. खरं सांगायचं तर ते कुणाला आवडलंही नाही.

२०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या. कागदावर. २०१९ मध्ये वेळापत्रकापर्यंत गाडी आली आणि मग त्या पुढे ढकलल्या गेल्या. तोवर आमच्या मुलांनी पुढारी निवडण्याचा नाद सोडून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन निवडायला सुरुवात केली होती. खरी सत्ता तिथेच आहे. असाइनमेंटची तारीख ज्याच्या हातात, त्याच्या हातात वर्ग.

एनएसएसकडे वळतो, कारण तिथे माझा अधिकार चालतो. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. ३७ विद्यापीठांपासून सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. तासांची नोंद डायरीत करायची. साधारण मुलगा ती डायरी वर्षाच्या शेवटी, एकाच पेनने, एकाच बैठकीत, मित्राच्या डायरीवरून भरतो. ऑनर्सवाली मुलगी तशी भरत नाही. फिजिक्स ऑनर्सची एक मुलगी होती, तिच्या डायरीत ‘स. ६.४० ते ८.१० श्रमदान; ८.१० ते ८.२५ पोहे (वजा)’ अशी नोंद असायची. पोह्यांचे तास श्रमदानात धरणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. पोहे कुणी केले होते हे पाहता ते धरायला हरकत नव्हती.

शिबिरात आम्ही वनराई बंधारा घालत होतो. पावसाळा संपला की ओढ्याचं उरलंसुरलं पाणी अडवायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, सुतळीने त्यांची तोंडं शिवायची आणि विटा रचतात तशा सांधेमोड करून एकावर एक ठेवायच्या. काम सोपं आहे, पाठ धरते इतकंच. ही मुलगी पहिल्या दिवशी वही घेऊन ओढ्यात उतरली. पाण्यात पान सोडून त्याचा वेग मोजला, काठाचा उतार काढला, आकृती केली आणि जागा ठरवली. काठावर एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. ते तासभर काही बोलले नाहीत. गोण्यांचा दुसरा थर लागल्यावर म्हणाले, “पोरी, तितं खेकड्यांची बिळं हायती. वरनं आडवशील, पानी खालनं जाईल.”

आम्ही वाकून पाहिलं. बिळं होती. पाणी खालून चाललंच होतं.

तिने आकृतीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. वही मिटून माझ्याकडे दिली आणि ओढ्यातून विचारलं, “मग कुठं घालू, आबा?” आबांनी दहा-बारा पावलं वर बोट दाखवलं. दोन थर उचलून तिकडे न्यायला आमची दुपार गेली. भिजलेली गोणी कोरडीपेक्षा किती जड असते हे फिजिक्सच्या विद्यार्थिनीला सांगायची गरज नव्हती. मराठीच्या मुलांनी मात्र त्यावर बरंच भाष्य केलं. त्या दिवसानंतर तिच्या डायरीची पानं कोरी आहेत. शेवटच्या रात्री तिने गावातल्या बायकांसाठी उखाण्यांचा आणि संगीतखुर्चीचा कार्यक्रम घेतला, माइक कुणाला दिला नाही, आणि सरपंचबाईंनाही खुर्चीवरून बाद केलं. वर्गात हजेरी देताना तिचा आवाज मला कधी ऐकू आला नव्हता. परत आल्यावर तिचे तास मलाच अंदाजाने भरावे लागले. पोहे धरून भरले.

ऑनर्सवाला नाट्यमंडळात शिरतो तोही असाच, कमीत कमी खर्चात बसवायच्या बेताने. अर्थशास्त्राचा एक मुलगा बॅकस्टेजला गेला. कारण? “सर, स्टेजवर जायचंच नाही म्हणजे वेळ कमी लागेल.” मी अडवलं नाही. काही गोष्टी ज्याच्या त्याने भोगायच्या असतात.

पुण्यात ‘पुरुषोत्तम’ म्हणजे काय हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते आहे. भरत नाट्य मंदिरात पावसाळ्यात प्रयोग असतात, आणि त्याच सुमारास कॉलेजच्या अंतर्गत परीक्षाही. लिहिणारा, बसवणारा, दिवे पाडणारा, पेटी वाजवणारा, सगळे विद्यार्थीच. आमच्या अर्थशास्त्रवाल्याकडे काम एकच आलं. तिसऱ्या प्रवेशाआधी अंधार होतो. त्या अंधारात कंदील उचलून डाव्या विंगेतून मधल्या चौथऱ्यावर ठेवायचा आणि उजेड व्हायच्या आत परत यायचं. एवढंच.

हे एवढंच तो महिनाभर करत होता. जिमखान्यात दिवे घालवून, रात्री अकरापर्यंत. सुरुवातीला चौथऱ्याला पाय लागायचा, मग कंदिलाची काच खळखळायची, मग परत येताना नायिकेवर आदळायचा. जमिनीवर रेडियमच्या पट्ट्या लावल्या तर दिग्दर्शक म्हणाला, त्या प्रेक्षकांना दिसतात, काढ. शेवटी तो पावलं मोजायला शिकला. जाताना सात, वळण, येताना आठ, कारण पाठमोरं चालताना पाऊल आखूड पडतं. हे त्याने मला कॉरिडॉरमध्ये चालून दाखवलं. मागणी-पुरवठ्यावर बोलताना त्याचे डोळे असे चमकलेले मी पाहिले नव्हते.

प्रयोगाच्या दिवशी कंदील जागेवर बसला. नाटक कसं झालं मला आठवत नाही. माझं लक्ष त्या अंधाराकडे होतं. आधी-नंतर ‘आव्वाज कुणाचा’ करून या मुलाने घसा इतका बसवून घेतला की दुसऱ्या दिवशीची तोंडी परीक्षा त्याने फळ्यावर लिहून दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटलं, मुलाचं मौनव्रत आहे. त्यांनी आदराने दोन गुण जास्त दिले.

निकालात आम्हाला काही मिळालं नाही. त्याची समजूत काढायला मी सांगितलं की २०२२ मध्ये तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता, त्या दर्जाचं काही आढळलं नाही म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, अविश्वास होता.

“पण मग पहिलं कोण आलं, सर?”

“कुणी नाही.”

“असं कसं? सगळ्यात जास्त मार्क कुणाला तरी असतीलच ना?”

संख्याशास्त्राचा माणूस म्हणून मला त्याचं म्हणणं मान्य करावं लागलं. पण पहिल्या बाकावर वाढलेल्या मुलाला पहिला नंबर रिकामा राहू शकतो हे कुणीतरी एकदा सांगायला हवं, आणि विद्यापीठ ते सांगणार नाही.

आता प्रमाणपत्रांबद्दल. ती माझ्या डोक्याला ताप आहेत म्हणून थोडक्यात. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनार नावाची साथ आली आणि मूळ साथ ओसरली तरी ती राहिली. लिंक उघडा, शेवटी फीडबॅक फॉर्म भरा, ई-प्रमाणपत्र मेलवर. संस्कृत ऑनर्सच्या एका मुलाने मला फाइल दाखवली, तीत सायबर सुरक्षा, अळिंबीची लागवड आणि मधमाशीपालन अशी तीन प्रमाणपत्रं एकाच तारखेची, एकाच वेळेची होती. विचारलं तर म्हणाला, “एक लॅपटॉपवर, एक माझ्या मोबाईलवर आणि एक आईच्या मोबाईलवर. मधमाश्यांचं आईला आता बरंच कळतं.” त्या घरात एकाला तरी शिक्षण मिळालं याचा मला आनंद आहे.

टेबलांच्या त्या गर्दीत एक मुलगा मात्र कुठेच फॉर्म भरत नाही. कमवा आणि शिका योजनेतला. ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा त्यांनी ती महाविद्यालयात आणली, आणि पुढे विद्यापीठांनी उचलली. आमच्याकडे या योजनेतला भूगोल ऑनर्सचा एक मुलगा आहे. लायब्ररीच्या काउंटरवर तासांवर काम करतो, त्यातून मेसचे पैसे भागवतो. कुठल्या खोलीचा पंखा काठीने ढकलल्यावर फिरतो, जिमखान्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते, कोणत्या प्राध्यापकाने कुठलं पुस्तक किती वर्षं दाबून ठेवलं आहे (माझ्यासकट), हे सगळं त्याला तोंडपाठ. मी एकदा विचारलं, “तू कुठल्या मंडळात रे?”

“मी मंडळांची टेबलं लावतो, सर.”

त्याच्या बायोडेटात ‘अभ्यासेतर सहभाग’ हा रकाना मोकळा होता. मी म्हटलं, लिही की लायब्ररीचं. तर म्हणाला, “ते तर काम आहे.” मी माझ्या हाताने लिहिलं. एनएसएसचा शिक्काही मारला, नियमात बसत नव्हतं तरी.

नोकरीच्या मुलाखतींचं विचाराल, तर त्यांवरून काही सिद्ध होत नाही. कॉलेजात कंपन्या आल्या तेव्हा कंदीलवाल्याला विचारलं, अभ्यासाशिवाय काय केलंस? त्याने मुलाखतीचा अर्धा वेळ अंधारात पाठमोरं कसं चालावं हे सांगण्यात घालवला. कंपनी सॉफ्टवेअरची होती. दुसऱ्या फेरीला बोलावलं नाही. ओढ्यातली मुलगी चौथ्या वर्षाला थांबली आहे, संशोधनासह. तिचा विषय पाण्याशी संबंधित नाही, कृपया तसा अर्थ काढू नये. मधमाशीवाल्याच्या आईचं पुढे काय झालं ते मला समजलेलं नाही.

पालक मात्र बदलले, हे मी छातीठोक सांगतो. पूर्वी आई-वडील यायचे ते ‘त्याला त्या नाटकाबिटकातून काढा’ म्हणून. आता येतात ते ‘तिला कशात तरी घाला’ म्हणून. परवा एक गृहस्थ विचारत होते, “सर, नेतृत्वगुणाचं काही असतं का? शनिवारी चालेल.” मुलगी शेजारी उभी राहून खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर पोरं ढोल बांधत होती. मी वडिलांना ऑफिसात फॉर्म आणायला पाठवलं आणि तिला म्हटलं, तू खाली जाऊन ये. ती गेली, वडील फॉर्म घेऊन आले तेव्हा ढोल वाजायला लागला होता, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं काही ऐकू आलं नाही.

ऑनर्सच्या मुलांना माझं सांगणं एवढंच: नाट्यमंडळाला बॅकस्टेजला दोन जण हवेत. तालीम संध्याकाळी सहाला, जिमखान्यात. शिवणकाम किंवा इस्त्री येत असल्यास प्राधान्य. चहाचे पैसे आपापले.